भंडारदऱ्याचे दगड बघायला जाताना

बाळा, मैत्रिणींना घेऊन भंडारदऱ्याला येतेस म्हणे. पुण्यात तुम्ही वाड्यांच्या फेऱ्या करता, वास्तुकलेची प्रदर्शनं बघता, आणि आता धरण आणि रतनवाडीचं देऊळ बघायचं ठरवलंय. ऐकून फार बरं वाटलं. इकडे बहुतेक माणसं धबधब्यासाठी येतात, देवळाला उभ्याउभ्या नमस्कार करतात आणि भजी खायला पळतात. तू तशी नाहीस हे मला ठाऊक आहे, पण तुझी घाईही मला ठाऊक आहे. म्हणून चार गोष्टी कानात घालून ठेवते.

१. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवार धरू नको — रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि वाटाड्यांना दोन शब्द धड बोलायला उसंत नसते.

२. दसरा ते होळी हे दिवस सगळ्यात चांगले — भर पावसात गाभाऱ्यात पाणी साचतं, पिंड पाण्याखाली जाते आणि बाहेरच्या फरशीवर शेवाळ धरतं.

३. पावसातच यायचं असेल तर ये, पण दुपारी तीननंतर नवीन काही बघायला घेऊ नको — घाटघर-रतनवाडीच्या बाजूला धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही. आमच्यात म्हणतात, पावसात दगडावर आणि धुक्यात वाटेवर भरवसा ठेवू नये.

४. पेट्रोल घोटीला नाहीतर राजूरला भर आणि थोडी रोकड जवळ ठेव — पुढे रेंज दगा देते, आणि रेंज गेली की फोनमधले पैसेही गेले.

५. जेवण आदल्या दिवशी सांगून ठेव — गावातल्या घरी भाकरी, पिठलं, ठेचा असं ताजं रांधून वाढतात. दहा माणसं अचानक दारात उभी राहिली की त्या घरच्या बाईची चुलीपुढे तारांबळ उडते.

६. वाटाड्या रतनवाडीचा किंवा शेंडी गावचाच घे — शहरातून आलेला जाणकार शैली सांगेल, पण कुठल्या महिन्यात कुठल्या भिंतीवर ऊन येतं हे गावचाच सांगेल.

७. पैसे किती, वेळ किती, देऊळच की रतनगड किल्लाही, हे निघण्याआधी मोकळेपणाने बोलून घे — नंतरच्या घासाघिशीत दोघांचंही मन कडू होतं.

८. वाटाड्या आधी गोष्ट सांगेल, ती मध्ये न तोडता ऐक. प्रवरा नदीला अमृतवाहिनी म्हणतात, म्हणून तिच्या उगमाशी हे अमृतेश्वराचं देऊळ. आणि शिलाहारांच्या झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवमंदिरं बांधली, त्यातलं हे एक, असं गावोगाव सांगतात. सनावळी तू मागाहून ताडून बघ — ज्याची गोष्ट तोडली, तो पुढचं सांगत नाही.

देवळात शिरायची घाई कशी होते ते मला माहीत आहे. म्हणून इथे जरा जास्तच सांगते.

९. आत जायच्या आधी बाहेरून दोन फेऱ्या मार: पहिली लांबून, फक्त आकार बघायला, दुसरी जवळून, जोत्यापासून वर — एकदा गाभाऱ्याच्या गारव्यात शिरलं की बाहेरचं ऊन नको वाटतं आणि भिंती बघायच्या राहून जातात.

१०. शिखराखाली उभी राहून मान वर कर आणि सावकाश बघ. चारही बाजूंना मधोमध एकेक सरळ पट्टा खालून वर गेलेला दिसेल, त्याला लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं माळेतल्या मण्यांसारखी एकावर एक ओवलेली आहेत. एका बाजूच्या ओळी मोज, मग आडव्या रांगेत किती ते मोज — या मोजण्यातच भूमिज शैली कळते, पुस्तकातली व्याख्या नंतर आपोआप लक्षात राहते.

११. या देवळाला लगेच हेमाडपंती म्हणू नको. हेमाद्री देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला, आणि हे देऊळ त्याच्या दोनएकशे वर्षं आधीचं मानतात — एका नावाखाली सगळी जुनी देवळं घातली की त्यांच्यातले फरक दिसेनासे होतात.

१२. देवळाची दोन्ही दारं बघ. एकीकडून सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाता येतं, दुसरीकडून लहानशा मुखमंडपातून थेट गाभाऱ्याशी — अशी मांडणी रोज बघायला मिळत नाही, आणि एकाच दाराने गेलीस तर अर्धं देऊळ राहिलं समज.

१३. मोबाइलची बॅटरी समोरून मारू नको, बाजूने भिंतीलगत तिरकी धर — समोरच्या उजेडात कोरीवकाम सपाट दिसतं. तिरक्या उजेडात मूर्तीची बोटं, कमरपट्ट्याच्या कड्या, छिन्नीचे घाव सगळं वर उठून येतं. हे एकदा करून बघ, मग दुसऱ्या कुठल्याही देवळात बॅटरी विसरायची नाहीस.

१४. खांब बघताना खालून सुरुवात कर आणि तुळईला टेकलेल्या टोकापर्यंत डोळे ने. वरती बसके यक्ष भार पेलताना दिसतील — छताचं ओझं कुठून कुठे उतरतं हे शिल्पकाराने तिथेच सांगून ठेवलंय.

१५. दगडांच्या सांध्यांवरून बोट न फिरवता नुसती नजर फिरव. घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेत — हाताच्या घामाने आणि तेलाने काळा दगड डागाळतो, आणि तुझ्यामागून येणारे हजारो हातही तेच करणार.

१६. अस्पष्ट मूर्ती उठून दिसावी म्हणून कुणी खडू किंवा हळद लावत असेल तर गोड बोलून थांबव — त्या माणसाच्या मनात भक्तीच असते, पण रंग दगडाच्या छिद्रांत बसतो आणि निघत नाही.

१७. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि पूजाअर्चेचं देऊळही आहे. पूजा चालू असेल तेव्हा बाजूला बस आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवू नको — शंकराच्या पिंडीवर पाणी घालायला आलेल्या म्हातारीला तुझ्या वहीपेक्षा जास्त हक्क आहे.

१८. पुष्करणीकडे वळल्याशिवाय निघू नको. चौकोनी कुंड, भिंतींत कोनाडे, कोनाड्यांत विष्णुमूर्ती: एकेका मूर्तीच्या हातातली शंख-चक्र-गदा-पद्म यांची जागा वहीत लिही — त्यांची अदलाबदल झाली की विष्णूचं नाव बदलतं, केशव वेगळा आणि माधव वेगळा.

१९. पायऱ्यांवरून पाण्यात उतरू नको — शेवाळलेल्या दगडाला पोहणारा आणि न पोहणारा सारखाच.

२०. आवारात एखादी वीरगळ, म्हणजे वीराच्या स्मृतीची शिळा, दिसली तर ती खालून वर वाच: खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा — वरून वाचायला गेलीस तर गोष्ट उलटी लागते.

आता धरण. देवळानंतर धरण बघायला मुली कंटाळतील. कंटाळू देऊ नको, कारण ही भिंतही दगडाचीच आहे आणि अडवलेलं पाणी त्याच प्रवरेचं आहे.

२१. धरण आधी खालच्या बाजूने बघ — पाण्याच्या बाजूने ते नुसता कठडा वाटतं, खालून मात्र २७० फुटांची दगडी भिंत अंगावर येते.

२२. भिंत तळाशी जाड आणि वर निमुळती का, हे मैत्रिणींना विचार आणि उत्तर लगेच सांगू नको. पाणी जितकं खोल तितका त्याचा रेटा जास्त, आणि ही भिंत तो रेटा मुख्यतः स्वतःच्या वजनावर तोलते — स्वतः शोधलेलं उत्तर कधी विसरत नाही.

२३. १९१० च्या सुमारास काम सुरू झालं आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. चुन्यात बांधलेल्या या भिंतीला १९६९ साली तडे जाऊन पाणी पाझरू लागलं आणि मग मागून आधारभिंती देऊन ती बळकट केली. त्या आधारभिंती नजरेने शोध — जुन्या वास्तूचं दुखणं आणि औषध दोन्ही एकाच जागी बघायला क्वचितच मिळतं.

२४. अंब्रेला फॉल या धबधब्याची वेळ वाटाड्याला विचारून घे — धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच तो दिसतो, एरवी समोर कोरडा खडक.

२५. भिंतीवर जाऊ देत नसतील तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नको — त्याच्या मागे अकरा टीएमसी पाणी आहे आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे.

२६. हे पाणी कुठे जातं तेही विचार: खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या उसाला. आणि ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या ती माणसं इथलीच, डोंगरातली. एखाद्या म्हाताऱ्या आजोबांपाशी तो विषय निघाला तर वही बंद कर आणि नुसतं ऐक — लिहून घेणाऱ्यापुढे माणूस जपून बोलतो.

२७. गावातली घरंही वास्तूच समज. कारवीच्या काड्यांचा कुड, त्यावर माती-शेणाचा लिंपा, उतरतं छप्पर, आणि पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिकडे पेंढ्याचा आडोसा — इथल्या पावसात सपाट गच्ची तग धरत नाही, हे त्या घराने केव्हाच ओळखलंय. अशी घरं आता कमी होत चाललीत, दिसलं तर सावकाश बघ.

२८. घराचा फोटो काढण्याआधी विचार, आणि ‘नाही’ म्हणाले तर चेहरा पाडू नको — तुझ्या स्वयंपाकघराचा फोटो परक्याने न विचारता काढला तर तू काय करशील?

२९. रतनगडावर गेलात तर वाटाड्यासोबतच जा आणि शिड्यांवर एका वेळी एकच माणूस चढू दे. नेढं, म्हणजे कड्यातलं आरपार भोक, वाऱ्या-पावसाने केलेलं आणि त्र्यंबक दरवाजा माणसाने. दोन्ही एकाच दिवशी बघ — डोंगराला जे जमलं तिथे बांधणाऱ्याने हात लावला नाही, हे तेव्हा कळतं.

परत गेल्यावरही काम संपत नाही, बरं का.

३०. वस्तुसंग्रहालय जागा बघून झाल्यावर गाठ, आधी नको. अहिल्यानगरचं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे — देवळाची भिंत डोळ्यांत असली की काचेआडची मूर्ती कुठल्या कोनाड्यात बसत असेल हे तुझं तुला सुचतं. उलट क्रमाने गेलं तर ती नुसती सुंदर वस्तू राहते.

३१. प्रदर्शनात पाटी शेवटी वाच — आधी वाचलीस तर पाटीत लिहिलंय तेवढंच दिसतं.

३२. हेन्री कझिन्स यांचं दख्खनमधल्या मध्ययुगीन देवळांवरचं १९३१ चं पुस्तक ग्रंथालयात मागून बघ, त्यातली जुनी छायाचित्रं तुझ्या फोटोंशेजारी ठेव — काय टिकलं, काय झिजलं, काय डागडुजीत बदललं, हे शेजारी ठेवल्यावरच उमगतं.

३३. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा वारसा सप्ताह वहीत टिपून ठेव — त्या दिवसांत ठिकठिकाणी व्याख्यानं, फेऱ्या, प्रदर्शनं असतात, आणि जाणकार माणसं एरवी मिळत नाहीत तेवढी मोकळी भेटतात.

३४. चांगले आलेले दोन-चार फोटो कागदावर छापून वाटाड्याला पाठव — त्याच्या देवळाचे फोटो हजारो लोक घेऊन जातात, पण त्याच्या घरी क्वचितच एखादा पोचतो.

३५. पुढच्या वेळी इथल्या अकोले गावचा सिद्धेश्वर, टाहाकारीची जगदंबा आणि मग सिन्नरचा गोंदेश्वर, या क्रमाने ये. गोंदेश्वर फार भव्य आहे, आधी तोच बघितलास तर टाहाकारीचे तीन गाभारे तुला लहान वाटतील — आणि टाहाकारीच्या भिंतीवरच्या त्या मूर्ती घाईत बघितलेल्या मला चालणार नाहीत, तिथे मी स्वतः येणार आहे तुझ्याबरोबर.