कचऱ्याचा भाव आणि वेचणारे हात

जुनी वर्तमानपत्रे आपण कचऱ्यात टाकत नाही. ती महिनाभर साठवितो, सुतळीने बांधतो आणि रद्दीवाला आला की तराजूच्या काट्यावर नजर ठेवून विकतो. यासाठी कोणत्याही नगरपालिकेला भिंतीवर घोषणा रंगवाव्या लागल्या नाहीत. बिस्किटाचे वेष्टन मात्र सरळ कचऱ्यात जाते, कारण भंगारवाला त्याला हात लावीत नाही. ज्या वस्तूला भाव आहे ती घराघरांत आपोआप वेगळी होते. जिला नाही, तिच्यासाठी तो निर्माण करावा लागतो. तो कोणी द्यावा आणि कोणाच्या हाती पडावा, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

ब्राझीलमधील कुरितिबा शहरात अरुंद वाटांच्या गरीब वस्त्यांमध्ये कचरागाडी शिरू शकत नसे. १९८९ मध्ये तेथील प्रशासनाने कचऱ्याची पिशवी आणून देणाऱ्यास बसचे तिकीट देण्यास प्रारंभ केला. १९९१ पासून चार किलो पुनर्वापरयोग्य कचऱ्यामागे एक किलो फळे-भाजीपाला मिळू लागला. हा भाजीपाला आसपासच्या शेतकऱ्यांकडून घेतला जाई. येथे मोबदला गरजू घरापर्यंत थेट पोहोचला.

दुसरा मार्ग अनामत रकमेचा. तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या फुटक्या बाटल्यांनी जंगलातील हत्तींचे पाय जखमी होत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अधिक घेऊन, रिकामी बाटली परत केल्यावर ते देण्याची योजना सुरू झाली. पिणाऱ्याने बाटली फेकली तरी ती उचलून आणणाऱ्यास दहा रुपये मिळतातच.

याउलट, जितका कचरा तितके शुल्क ही कल्पना कागदावर न्याय्य दिसते. पण जेथे शेजारी नाला आहे आणि काडेपेटी स्वस्त आहे, तेथे तिचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

पुण्याचे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. त्यांचे काम महानगरपालिकेचा खर्च वाचवीत होते, परंतु समाज त्याकडे काम म्हणून नव्हे, तर जातीचे प्राक्तन म्हणून पाहत होता. महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र मिळाले तेव्हा प्रथमच त्यांना कामगार म्हणून ओळख लाभली. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महानगरपालिकेशी करार होऊन दारोदार संकलन सुरू झाले. प्रत्येक घराने दरमहा ठरावीक शुल्क द्यावे आणि वेचलेल्या भंगाराचे उत्पन्नही कष्टकरी स्त्रीचेच राहावे, अशी ही व्यवस्था. २००८ च्याच जागतिक मंदीत भंगाराचे भाव कोसळले, तेव्हा केवळ भंगारावर जगणे किती बेभरवशाचे आहे हे उघड झाले. दरमहाच्या शुल्काचे महत्त्व येथे आहे.

तरीही एक उणीव राहते. घराने ओला-सुका कचरा वेगळा दिला काय किंवा एकत्र दिला काय, शुल्क तेच. आळस घराचा, त्याची किंमत मात्र उष्ट्यात हात घालणारी स्त्री मोजते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले. पुणे महानगरपालिका गांडूळखत करणाऱ्या मिळकतीला करात सवलतही देते. परंतु ही सवलत मिळकतकर भरणाऱ्याची. भाड्याच्या खोलीतील कुटुंबाला त्यातून काय मिळणार?

वेगळा कचरा देणाऱ्यास शुल्क कमी आणि मिसळून देणाऱ्यास अधिक, हा भेद मला योग्य वाटतो. मात्र ती वाढीव रक्कम मागण्याचे काम वेचक स्त्रीवर सोपविता कामा नये. रोज ज्या दारावर जावयाचे, त्या दारावर भांडण करणे तिला परवडत नाही. तिने केवळ नोंद करावी; वसुली महानगरपालिकेने मिळकतकराच्या देयकातून करावी आणि भाडेकरू असल्यास घरमालकाने त्याच्याशी हिशेब करावा.