ज्वारीच्या बेवडावर गहू

गव्हाची उगवण विरळ झाली, की शेतकऱ्याचा संशय प्रथम बियाण्यावर, मग हवामानावर जातो. परंतु आधीच्या पिकाने जमिनीत मागे काय ठेवले आहे, याची चौकशी सहसा होत नाही. आमच्या शेतात खरिपात अर्ध्या भागी मूग व अर्ध्या भागी ज्वारी होती, आणि दोन्हीकडे एकाच पोत्यातला गहू एकाच पाभरीने पेरला. तरीही मुगाच्या जागी रोपे तजेलदार उभी राहिली व ज्वारीच्या जागी ती उशिरा उगवून पिवळट, खुरटी दिसू लागली, तेव्हा बियाण्यावरचा आरोप आपोआपच खारीज झाला.

मुळांतून पाझरणारी द्रव्ये पुढील पिकास बाधतात, असा तर्क स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी १८३२ मध्येच मांडला होता, आणि १९३७ मध्ये हान्स मोलिश यांनी वनस्पतींच्या या परस्पर रासायनिक प्रभावास ‘अ‍ॅलेलोपॅथी’ हे नाव दिले. ज्वारीच्या मूलरोमांतून सॉर्गोलिओन नावाचे पिवळे, तेलकट द्रव्य स्रवते, ते कोवळ्या रोपांच्या प्रकाशसंश्लेषणात व्यत्यय आणते. कुजणाऱ्या धसकटांतून सुटणारी फेनॉलवर्गीय आम्ले अंकुराच्या मुळाची वाढ रोखतात. आणि त्याच धसकटांत कर्ब विपुल व नत्र अल्प असल्यामुळे ती कुजविणारे सूक्ष्मजीव जमिनीतील उपलब्ध नत्रही काही काळ अडकवून ठेवतात.

म्हणून ज्यांना ज्वारीनंतर गहू घेणे प्राप्त आहे, त्यांनी ज्वारी निघताच नांगरट करून धसकटे वेचावीत, ओलवणी द्यावी आणि शक्य तर दोन-तीन आठवडे जमीन मोकळी ठेवावी, कारण ओल व हवा मिळाल्यास सूक्ष्मजीवच या द्रव्यांचे विघटन करतात. पेरणीपूर्वी एका कुंडीत त्या शेतातली व दुसरीत मुगाच्या किंवा पडीक जागेतली माती भरून सारखेच दाणे लावावेत आणि आठवड्याने रोपे उपटून मुळांची लांबी ताडून पाहावी. फरक ठळक असल्यास पेरणी थोडी थांबवावी व नत्राचा पहिला हप्ता मुळीच चुकवू नये. मात्र बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात साधावी लागते, आणि उशिराने उत्पन्न घटते. सबब उशिरा निघणाऱ्या ज्वारीमागे हा अवधी मिळेलच असे नाही. साठ-सत्तर दिवसांत रान मोकळे करणारा मूग किंवा उडीद हाच गव्हासाठी उत्तम बेवड होय, आणि त्याची तजवीज जूनमध्ये, खरिपाचे पीक ठरवतानाच, करून ठेवावी लागते.