सात दाखवणारा प्रोब

डाळिंबाचा ताण सोडताना पहिलं पाणी जपून द्यावं, हे इंदापूर तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. आंबे बहारासाठी महिना-दीड महिना बाग कोरडी असते, पानगळ झालेली असते, आणि नवी पांढरी मुळी त्या पाण्यावरच फुटायची असते. आमच्या बागेला हे पाणी आम्लाचं गेलं. पाण्यात आम्ल सोडणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र सामू (पीएच) सातच्या आसपास, अगदी सभ्य दिसत होता.

हे यंत्र घेतलं ते हौसेपोटी नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षारांचं. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली खारवट जमीन हे तर फार जुनं दुखणं. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या अशा जमिनींवर १९१० मध्येच पुस्तिका लिहिली होती. असं पाणी ठिबकमधून दिलं की ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि खतंही नीट लागू होत नाहीत. म्हणून पाण्यात आम्ल सोडून सामू सहाच्या जवळ आणायचा. हे हाताने करणं कटकटीचं असतं. बारामतीला शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ प्रदर्शन पाहून आलेला माणूस कंट्रोलरच्या प्रेमात पडतो, त्यात नवल नाही. पोहण्याच्या तलावावर क्लोरीन आणि आम्ल सोडणारं यंत्र असतं, त्याचाच हा शेतातला भाऊ.

आता झालं काय ते. सामू मोजणाऱ्या प्रोबच्या टोकाला काचेचा नाजूक फुगा असतो आणि तो कायम ओला राहावा लागतो. ताणाच्या काळात पाइप रिकामा, त्यात प्रोब तसाच अडकवलेला. तो वाळला. बसवून देणाऱ्याने प्रोब काढून ठेवायचा असतो हे सांगितलं नव्हतं. वाळलेला किंवा तडकलेला प्रोब बहुधा बंद पडत नाही, पाणी कसलंही असो, सातच्या आसपास आकडा दाखवत बसतो. दोन किंवा तेरा दाखवला असता तर कुणालाही शंका आली असती. आमचं पाणी मुळात आठच्या वर, यंत्राला सांगितलेलं सहा. त्याला दिसत होतं सात. म्हणून ते आम्ल सोडत राहिलं, पुन्हा सातच दिसलं, पुन्हा सोडलं. ॲसिडचा ड्रम भलताच लवकर उतरला म्हणून संशय आला. शेवटच्या ड्रीपरखाली कागदी पट्टी धरली तर ती लालभडक. त्या लाइनवरच्या झाडांची कळी विस्कळीत निघाली, सेटिंग मागेपुढे झालं, आणि मग सबंध हंगाम फवारणीचं वेळापत्रक कशालाच जुळेना.

तेव्हा ताण द्यायच्या आधी प्रोब काढा आणि पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, टोपी लावून ठेवा. हे द्रावण प्रोबबरोबर मिळतं, नसेल तर मागून घ्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये मात्र ठेवू नका, त्याने प्रोब उलट लवकर खराब होतो. परत बसवण्यापूर्वी सामू ७ आणि ४ अशा दोन्ही बफर द्रावणांमध्ये तपासा. नुसत्या ७ च्या बफरवर मेलेला प्रोबही पास होतो. खरी परीक्षा ४ वर. तिथे आकडा झरझर उतरायला हवा. रेंगाळला तर प्रोब बदला. आणि कंट्रोलरमध्ये आम्ल सोडण्याची वरची मर्यादा घालून घ्या, म्हणजे ठरलेल्या मात्रेपलीकडे यंत्र स्वतः थांबून ओरडेल. ही सोय अनेक कंट्रोलरमध्ये असते, पण ती सुरू केलेली असेलच असं नाही.

ही मर्यादा ठरवायला पाण्याचा नुसता सामू कळून भागत नाही, बायकार्बोनेट किती ते कळावं लागतं. आम्ल आधी तेच खातं. बायकार्बोनेट शिल्लक आहे तोवर सामू सावकाश उतरतो आणि ते संपलं की धाडकन कोसळतो. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला ६ मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे सुमारे ३६६ मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे. त्यातलं एक राखून बाकीचं मारायचं, तर १०,००० लिटरला तीव्र सल्फ्युरिक ॲसिड साधारण १.४ लिटर लागेल. कालव्याचं आवर्तन आलं, शेततळं त्या पाण्याने भरलं आणि त्यात २ च असलं, तर काम पाव लिटरच्या आसपास भागतं. पाणी बदललं की मर्यादाही बदलायची. विहीर, बोअर, शेततळं यांचे नमुने वेगवेगळे तपासा, उन्हाळ्यात पुन्हा एकदा.

ईसीचा, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या आकड्याचा, घोळ याहून गमतीचा. द्राक्षाच्या एका बागेत महागडं यंत्र असून पानं पिवळी पडत होती. यंत्राला सांगितलेली ईसी १.५ आणि बोअरच्या पाण्याचीच १.८. यंत्राच्या हिशेबाने पाण्यात खत आधीच जास्त होतं, म्हणून ते खत सोडतच नव्हतं. होतं ते मीठ. खाऱ्या पाण्यावर ईसीचा एकच आकडा ठरवून देऊ नका. मूळ पाण्याच्या वर किती वाढवायची ते सांगा, नाहीतर सरळ खताचं माप लावा.

विजेचं तर विचारूच नका. मोटर बंद पडली आणि डोसिंग पंप सोलरवर चालूच राहिला, तर थांबलेल्या पाण्यात निव्वळ आम्ल साचतं, किंवा उलटं बोअरमध्ये उतरतं. लाइनमध्ये पाणी खरोखर वाहत असेल तरच डोसिंग चालावं, असा फ्लो स्विच हवाच. त्याच्या मागे चांगला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटोस्विचच्या भरवशावर रात्री आम्ल सोडू नये, असं माझं मत आहे.

कॅल्शियम नायट्रेट सल्फेट-फॉस्फेटच्या टाकीत मिसळू नये, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. त्याहून मोठा धोका क्लोरीनचा. शेततळ्यातलं शेवाळ लाइनमध्ये येतं म्हणून आपण ब्लीचिंग किंवा हायपोक्लोराइट सोडतो. ते आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पोहण्याच्या तलावांवर असे अपघात होतात, आणि ठिबकच्या खोलीत तर खिडकीही नसते. दोन्हींचे ड्रम वेगळ्या जागी, नळ्या वेगळ्या रंगाच्या, आणि दोन्ही कामांच्या मध्ये लाइन साध्या पाण्याने धुतलेली हवी. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. हातमोजे, चष्मा कामावरच्या गड्यालाही द्या.

प्रोब साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो. घेताना बनवल्याची तारीख पाहा, कारण दुकानात पडून राहिलेला प्रोबही म्हातारा होतोच. तोवर खिशातलं स्वस्त मीटर किंवा कागदी पट्टी दर आठवड्याला शेवटच्या ड्रीपरखाली धरा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा.