लायसन्स कुठून काढू : चंदीगड, मोहाली की सोलापूर?

प्रश्न : मी सोलापूरचा, वर्षभराच्या कामासाठी मुल्लानपूरला आलोय. आधारवर गावचा पत्ता आहे. लायसन्स चंदीगडला निघेल का? साइटवरचा छोटा टेम्पो चालवायचा आहे.

उत्तर : चंदीगडला हेलपाटा घालू नका. मुल्लानपूरला ‘न्यू चंदीगड’ म्हणत असले, तरी ते पंजाबात, मोहाली जिल्ह्यात येते. कायद्याने तुम्ही राहता त्या राज्यात अर्ज करता येतो. पण त्यासाठी पत्त्याचा पुरावा तिथला हवा. भाडेकरार असेल तर आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्या.

वर्षभरासाठी हा खटाटोप कशाला, असे वाटत असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. महाराष्ट्रात आधारवरून शिकाऊ लायसन्स घरबसल्या, ‘सारथी’ पोर्टलवर परीक्षा देऊन मिळते. ते भारतभर चालते आणि सहा महिने टिकते. मुल्लानपुरातच ‘एल’ लावून, शेजारी लायसन्सधारक बसवून सराव करा. तीस दिवसांनंतर सणासुदीला गावी याल तेव्हा सोलापूरला चाचणी द्या. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, म्हणून सुट्टी जरा ऐसपैस घ्या.

टेम्पोचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार हलक्या वाहनाच्या पक्क्या लायसन्सवर 7,500 किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते. मुकादमाने कितीही घाई केली तरी पक्के लायसन्स मिळेपर्यंत टेम्पोचे स्टिअरिंग हाती घेऊ नका. विनापरवाना वाहन चालवल्यास 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.