यमक कानाने ओळखावे

गुरुजींनी आम्हांला यमक शिकवले. ओळींच्या शेवटी सारख्या उच्चाराची अक्षरे आली म्हणजे यमक जुळते. उदा. पाणी–गाणी, माती–नाती.

मी घरी मोठ्याने पाठ करत होतो. आजी हसली अन् म्हणाली, "हे तर आमच्या जात्यावरच्या ओवीत असतंच की!" आमची आजी अंगठा लावते. तरी मी म्हटलं, "मोसम नदीला आलं पाणी," तर ती लगेच म्हणाली, "दळता दळता सुचली गाणी." मला फार नवल वाटले.

मग गुरुजींनी बहिणाबाई चौधरींची माहिती सांगितली. त्यांचा जन्म १८८० साली जळगावजवळ असोदे येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करताना त्या गाणी रचत. मुलगा सोपानदेव व एका नातलगाने ती उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली पुस्तक निघाले. लिहिली नसती तर गाणी गेलीच असती.

म्हणून मी वही केली. आजीच्या सात ओव्या लिहिल्या. मित्रांनो, तुम्हीही लिहा. आई-आजींनो, लाजू नका. तुम्ही सांगा, आम्ही लिहू.

— इयत्ता ४ थी