औषधनिर्माणशाळेच्या संगणकात हळदीचा दर : अधिकृत किल्लीचा विचार

हरिद्रा हे आपल्या नित्य वापरातील द्रव्य होय. नांदेड, वसमत व हिंगोलीच्या बाजारांत हळदीची मोठी उलाढाल होते. लातूरची बाजारपेठ मात्र मुख्यत्वे तूर व सोयाबीनची. त्यामुळे लातूरच्या औषधनिर्मात्यास दूरध्वनीवरील व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. क्विंटलमागे १,००० रुपयांची चूक २० क्विंटलवर २०,००० रुपयांची होते. म्हणून हा दर खरेदीच्या संगणक-प्रणालीत आपोआप यावा, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु पडद्यावर दर दिसणे आणि तो आपल्या प्रणालीत घेण्याचा अधिकार असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दरांचे उगम दोन. पहिला बाजार समित्यांचा. ‘ॲगमार्कनेट’ने संकलित केलेले किमान, कमाल व सर्वसाधारण दैनिक दर केंद्र शासनाच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळतात. तेथे नोंदणी केल्यावर ‘एपीआय’ची किल्ली विनामूल्य प्राप्त होते. २०१७ च्या शासकीय खुल्या माहिती परवान्यानुसार व्यावसायिक वापरासही अनुमती आहे. स्रोताचा उल्लेख करणे ही मुख्य अट. अचूकतेची हमी मात्र दिलेली नाही.

दुसरा उगम वायदेबाजाराचा. ‘एनसीडीईएक्स’वरील हळदीचे भाव क्षणोक्षणी बदलतात. त्यांचा थेट प्रवाह प्रणालीत हवा असल्यास अधिकृत वितरकाशी करार करावा. संकेतस्थळावरील भाव यंत्राद्वारे परस्पर उचलणे म्हणजे परवाना नव्हे.

आमच्या मते पुढील पथ्ये पाळावीत :

१) किल्ली प्रणाली-पुरवठादाराच्या नव्हे, निर्माणशाळेच्या नावे घ्यावी, पुरवठादार बदलला तरी दर खंडित होत नाहीत.
२) नमुना किल्लीवर मोजक्याच नोंदी येतात, तिच्यावर खरेदी अवलंबून ठेवू नये.
३) समितीचा दर प्रतिक्विंटल असतो, किलोच्या दरासाठी त्यास १०० ने भागावे.
४) दरासोबत बाजाराचे नाव व दिनांक दिसावा. समितीची नोंद आली नसेल तर रकाना रिक्त राहू द्यावा. जुना दर आजचा म्हणून दाखवू नये.

आप्तवचन प्रमाण खरे, पण ते प्रत्यक्षाची जागा घेत नाही. हळद कोणत्या दराने विकली गेली, हे प्रणाली सांगेल. ती औषधयोग्य आहे काय, हे द्रव्यपरीक्षणच सांगेल. ‘शेड्यूल टी’नुसार कच्च्या द्रव्याचे परीक्षण व नोंद ठेवण्याची जबाबदारी निर्मात्याचीच आहे. स्वस्त दर दिसताच मागणी नोंदविण्यापूर्वी नमुना मागवावा, हेच श्रेयस्कर.