नेटबॉलचा पहिला पाठ : सावरून उतरणे

शाळाभेटीच्या वेळी एका क्रीडांगणावर इयत्ता पाचवीच्या मुलींचा नेटबॉलचा तास पाहावयास मिळाला. खांबासमोर वीस मुलींची लांब रांग होती. प्रत्येकीने कड्यात एकदा चेंडू टाकण्याचा यत्न करावा व रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहावे, असा क्रम होता. अर्ध्या तासात एकेकीच्या हाती चेंडू चारपाच वेळाच आला. पुढे सामना सुरू होताच एक मुलगी धावत चेंडू झेलून एकदम थांबू गेली आणि गुडघ्यावर आपटली. शिक्षकांची कळकळ निर्विवाद होती. चुकला होता तो पाठांचा क्रम.

हा खेळ इंग्लंडात बास्केटबॉलपासून घडला व त्याचे नियम १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्येक संघात सात खेळाडू, ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद मैदान आणि ३.०५ मीटर उंचीवरील कडे, ही त्याची मापे होत. परंतु त्याचे मर्म निराळेच आहे. येथे चेंडू आपटत धावता येत नाही. झेल घेतल्यावर जो पाय प्रथम टेकला तो उचलता येतो. मात्र तो पुन्हा टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे, आणि तोही ३ सेकंदांच्या आत. म्हणजे भरधाव धावणाऱ्यास क्षणात थांबावे लागते. त्या थांबण्याचा सारा भार गुडघा व घोटा यांवर येतो. म्हणून नेम शिकविण्यापूर्वी उतरणे शिकवावे.

पाठाच्या पायऱ्या पुढीलप्रमाणे योजाव्यात :

१. चेंडूविना. लंगडी आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेली असते. तोल सावरण्याची ती उत्तम पूर्वतयारी होय. नंतर मुलांनी धावावे व शिट्टी होताच दोन्ही पायांवर उतरून थांबावे. गुडघे वाकलेले असावेत, ते आत न वळता पावलांच्या रेषेत राहावेत व पायांचा आवाज होऊ नये.

२. चौघांच्या गटात झेल. दोनतीन मीटर अंतरावरून छातीच्या उंचीवर चेंडू द्यावा. उडी घेऊन तो झेलावा व वरीलप्रमाणेच उतरावे. चेंडू कमी असल्यास रबरी चेंडूही चालतील; रांग मात्र नको.

३. धावत झेल. आता एका पायावर उतरावे. कोणता पाय प्रथम टेकला, हे सोबत्यांनी मोठ्याने सांगावे. नियम पाठ करण्याहून तो असा डोळ्यांनी अधिक उमगतो.

४. तिघांविरुद्ध एक. तिघांनी आपापसांत सलग पाच झेल घेतल्यास एक गुण द्यावा. अडविणाऱ्याने ०.९ मीटर दूर राहावे. नवशिक्यांना चेंडू सोडण्यास ५ सेकंद द्यावेत.

या पायऱ्या साधल्यावरच मैदानावर फक्कीने रेषा आखाव्यात व खांब रोवावा. लहानांसाठी कडे २.४ मीटरवर असणे इष्ट होय.

आणखी एक सूचना. गोल करण्याचा अधिकार गोल शूटर व गोल अटॅक या दोघांनाच असल्याने सर्वांत उंच मुलीस कड्याखाली कायमचे उभे करण्याचा मोह होतो. आज उंच असलेली मुलगी दोन वर्षांनी तशीच वर्गात सर्वांत उंच राहील असे नाही. मग तिला ना धावणे आलेले असते, ना अडविणे. आणि ठेंगण्या मुलीस नेम कधी मिळालेलाच नसतो. यास्तव प्रत्येक डावात जागा बदलाव्यात.

मूल्यमापन करताना गोल मोजू नयेत. आवाज न करता उतरणारी मुले मोजावीत. एखाद्याने गुडघा दुखतो असे सांगितल्यास त्याचा खेळ तत्काळ थांबवावा व पालकांस कळवावे. सामना हरला तर पुढल्या आठवड्यात दुसरा खेळता येतो. परंतु बालवयात दुखावलेला गुडघा व क्रीडांगणाची बसलेली भीती, या दोहोंची भरपाई करणे कठीण असते.